डोंगरावर पडलेला साबुदाणा

सोहार

भूगोलाच्या बाईंनी बर्फ पाहिलेला नसणं ही तशी लाजिरवाणी गोष्ट, पण आमच्या देवरुखात ती खपून गेली. फ्रीजमधला सोडला तर तिथे कुणीच बर्फ पाहिला नव्हता. मी फळ्यावर खडूने सिरस ढग काढायचे, स्ट्रेटस काढायचे, क्युम्युलस तर फार झोकात काढायचे. 'वृष्टीची रूपे' हा धडा आला की पाऊस, हिम आणि गारा अशा तीन ओळी लिहून पुढे सरकायचे. पहिल्या ओळीबद्दल पोरांनाच माझ्याहून जास्त ठाऊक होतं आणि उरलेल्या दोन मलाही पुस्तकातूनच माहीत होत्या. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या नीलेशने ओमानला बोलावलं तेव्हा मी वाळवंट बघायच्या तयारीने निघाले. ढगांची विद्या आता माळ्यावर गेली, असंच धरून चालले होते.

नीलेश सोहारला पोलादाच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. एकट्या मुलाचं घर कसं असतं ते सांगायला नको. कढई एक, उशी एक आणि खाटही एकच. खाट मला मिळाली. आमचे हे, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपायचे. "जमिनीवर झोपलं की कंबर सुतासारखी सरळ होते," असं सगळ्यांना सांगायचे आणि रोज सकाळी भिंतीला धरून उठायचे.

जानेवारी होता. सोहारची थंडी आपल्या कोकणातल्या थंडीसारखीच, संध्याकाळी एखादी शाल पुरते. मासळीबाजारात सुरमई आणि बांगडे बघून ह्यांचा जीव भांड्यात पडला. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि संक्रांतीचा तिळगूळ मी बॅगेतून आणलाच होता. म्हणजे पोटाची चिंता नव्हती. चिंता लागली ती दुसऱ्याच एका घराची.

नीलेशच्या डिपार्टमेंटमध्ये सालेम नावाचा एक ओमानी मुलगा आहे. मुलगा म्हणजे चाळिशीचा. आम्ही आल्यावर पहिल्याच शुक्रवारी तो खजूर आणि त्यांचा तो काळपट, चिकट, केशराच्या वासाचा हलवा घेऊन भेटायला आला. हिंदी उत्तम बोलतो, म्हणजे व्याकरण सोडून उत्तम. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्याने मला 'उस्ताजा' म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे निवृत्त बाईंना इतका मान रस्त्यात कुणी देत नाही, त्यामुळे मी लगेच विरघळले.

तो आम्हाला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. शेजारच्याच इमारतीत. तिथे एक खोली त्याने आईसाठी सजवून ठेवली होती. नवी लाकडी खाट, तिच्यावर प्लास्टिकच्या वेष्टनातली नवी गादी, पायाशी जाड ब्लँकेट. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती.

"अम्मा आएगी इधर," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "इन्शाल्ला."

तो इन्शाल्ला मला काही धड वाटला नाही. परतताना नीलेशने सगळं सांगितलं. सालेमची आई जबल अख्दरवर, म्हणजे तिथल्या उंच डोंगरावरच्या एका लहानशा गावात एकटी राहते. नवरा गेलेला. डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती आणि तीत डाळिंबाची झाडं. त्या झाडांना पाणी देतो तो फलज. फलज म्हणजे आपला पाटच, वरच्या झऱ्यापासून दगडाच्या चरातून गावभर फिरवलेला. गेले काही हिवाळे डोंगरावर पाऊसच धड झाला नव्हता आणि फलज आटत चालला होता. अर्धा गाव खाली शहरात उतरला. शेवटी मायलेकांचं ठरलं की ह्या थंडीत फलजाला पाणी आलं तर म्हातारी राहील, नाही आलं तर घराला कुलूप लावून सोहारला येईल.

"सालेमला काय हवंय?" मी विचारलं.

"त्यालाच माहीत नाही गं आई," नीलेश म्हणाला.

माझ्या लक्षात आलं. त्याला आई जवळ हवी होती आणि पाऊसही हवा होता, आणि दोन्ही एकदम मिळायची सोय नव्हती.

दोनेक दिवसांनी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो होतो. मी आणि हे सवयीने समुद्राकडे बघत ढग शोधत होतो. कोकणातल्या माणसाचा पाऊस समुद्रातून येतो, हे आमच्या हाडात बसलेलं. समुद्रावर आकाश स्वच्छ होतं. "काही नाही हो, कोरडं आहे," असं मी अधिकाराने जाहीर केलं.

"आई, तिकडे काय बघतेस? इथे हिवाळ्यात पाऊस मागून येतो," नीलेश म्हणाला.

मी वळले. मागे, पश्चिमेला, डोंगरांच्या डोक्यावर सिरसचे तंतू पसरले होते, अगदी मी फळ्यावर काढायचे तसे, टोकाशी वळलेले. इतक्या वर्षांची ओळख, पण भेट अशी पाठीमागून झाली. संध्याकाळी चंद्राला मोठं खळं पडलं. खळं लांब तर पाऊस जवळ, असं आमच्या गावात म्हणतात. मी ते सालेमला सांगितलं तर तो टाळी द्यायलाच आला, कारण त्याची आईही असंच काहीतरी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर हवामानाचा अंदाज फिरू लागला. नीलेशने वाचून दाखवला. उत्तरेच्या डोंगरांवर ढग वाढतील, गडगडाटी पाऊस, काही ठिकाणी गारा, उंच शिखरांवर हिमवृष्टीची शक्यता, वाद्या ओलांडू नका. वादी म्हणजे तिथली नदी, एरवी कोरडी ठणठणीत, पाऊस पडला की एकदम दोन्ही काठ भरून वाहणारी.

"इन्शाल्ला," सालेम शेवटी म्हणाला. अंदाज म्हणून सांगितलेल्या गोष्टीला हा शब्द जोडणं मला फार पटलं. मग तो माझ्याकडे वळला. "उस्ताजा, मैं कल ऊपर जाता है अम्मा के पास. बर्फ देखना है?"

"पाऊस येणार म्हणून डोंगरावर जायचं?" आमचे हे म्हणाले. "शहाणी माणसं पाऊस येणार म्हटलं की खाली उतरतात."

पण मी केव्हाच बॅग उघडून बसले होते.

डोंगराच्या वाटेवर

प्रवासाचं वर्णन करत नाही, रस्ता गुळगुळीत होता आणि मी बराचसा झोपेत काढला. जागी झाले ती डोंगराच्या पायथ्याशी, पोलिसांच्या चौकीवर. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तरच वर सोडतात. सालेमची तशी होती. पोलिसाने आत डोकावून माकडटोपी घातलेल्या ह्यांना पाहिलं, विचारलं कुठले, इंडिया म्हटल्यावर हसला आणि आकाशाकडे बोट दाखवून "मतर, मतर" म्हणाला. मतर म्हणजे पाऊस. लग्नाची वरात येणार असल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता.

आणि वरात खरोखरच होती. आमच्या पुढेमागे गाड्याच गाड्या. आत बायका, पोरं, चटया, पाण्याचे कॅन, भाताची मोठाली पातेली. ही सगळी मंडळी पाऊस बघायला निघाली होती! आपल्याकडे पाऊस येणार म्हटलं की वाळत घातलेलं आत घ्यायला पळतात, इथे माणसंच बाहेर पडतात. ह्यांना हे काही केल्या पटेना. "ह्या लोकांनी एक जुलै आमच्याकडे काढावा," असं ते वळणावळणाला म्हणत होते.

माथ्यावर पोचलो तेव्हा आकाशात मेंढरांचा कळप पसरला होता. आल्टोक्युम्युलस. मी सगळ्यांना नाव सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही.

उम्म सालेमचं घर

तिथे बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. सालेमची आई म्हणून उम्म सालेम. आमच्या आळीत मी नीलेशची आई, म्हणून तिथे उम्म नीलेश झाले. नाव सांगायची वेळच आली नाही. ती माझ्याहून थोडी मोठी असेल. ठेंगणी, ताठ, फुलाफुलांची ओढणी डोक्यावर, हाताची पकड अशी की माझी बांगडी वाकली.

बसल्या बसल्या खजूर आणि कहवा आला. बिनदुधाची, वेलचीची, घोटभर कॉफी. कप रिकामा झाला की ती पुन्हा भरायची. यजमानीण देते तर नाही कसं म्हणायचं, म्हणून हे बिचारे पीतच राहिले. किती प्यायले ते देवच जाणे. शेवटी कपाळावर घाम आला तेव्हा नीलेशचं लक्ष गेलं. "बाबा, पुरे असेल तर कप असा हलवायचा! नाहीतर ती देतच राहणार." ह्यांनी कप असा काही हलवला की उरलेला कहवा चटईवर. उम्म सालेम तोंडाला ओढणी लावून हसली. मी तिळगूळ काढून तिच्या हातावर ठेवला. गोड बोला वगैरे नीलेशने हिंदीत आणि सालेमने अरबीत सांगितलं. तिने तो खाल्ला आणि माझा हात धरून मला शेताकडे नेलं.

भाषेचा प्रश्न तिथे आलाच नाही. तिने आधी फलज दाखवला. हातभर रुंद दगडी पाट आणि त्याच्या तळाला करंगळीएवढी धार. पाटाच्या भिंतीवर जुन्या पाण्याच्या रेषा उमटल्या होत्या. त्यांवरून बोट फिरवत तिने दाखवलं, एकेकाळी पाणी इथवर, मग इथवर, आता हे असं. मग डाळिंबाची झाडं. थंडीत पानं झडलेली, नुसत्या काड्या. मला वाटलं वाळलीच. तिने माझा चेहरा ओळखला असणार, कारण एक काडी वाकवून तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. मग दुसऱ्या झाडाची खरवडली, तिथेही हिरवं. तिसऱ्या झाडाला तिने हात लावला नाही.

परत येताना मी मनातल्या मनात आमच्या गणपतीला सांगून टाकलं की माझा बर्फ राहू दे, हिचं पाणी तेवढं बघ.

साबुदाणा

आता जे घडलं त्यात माझाही अर्धा वाटा आहे, हे आधीच सांगते, नाहीतर सगळं ह्यांच्या नावावर जाईल.

दुपारचं जेवण झालं. सालेम आणि नीलेश गावातल्या पुरुषांबरोबर वर झऱ्याकडे गेले, पाऊस यायच्या आत फलजातला पाला आणि दगड काढायला. उम्म सालेम शेजारच्या म्हातारीला काही हवं-नको बघायला गेली. आम्हाला आराम करायला सांगून गेले सगळे. पण वर आकाशात असं काही चाललं होतं की आराम कसला? पश्चिमेच्या कड्यामागून क्युम्युलोनिम्बस चढत होता. खाली काळानिळा, वर फुलकोबीसारखा फुगलेला, आणि माथ्यावर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झालेला. हा ढग मी आयुष्यभर काढला. इतका जवळून, त्याच्याच उंचीवर उभी राहून पाहीन असं वाटलं नव्हतं. मी अंगणात उभी राहून नुसती बघत होते.

हे मात्र ढग बघत नव्हते. हे अंगण बघत होते. ज्याने उभा जन्म कोकणात काढला, त्याला काळा ढग दिसला की हातपाय आपोआप चालू लागतात. मे महिना सरत आला की ह्यांचं तेच. पडवीला झावळ्यांची झडी बांध, लाकडं झाक, घरामागे चर मार. पाणी घरात शिरता कामा नये, एवढा एकच मंत्र.

"अगं, हौद उघडा आहे ह्यांचा," ते म्हणाले.

अंगणात कमरेएवढ्या भिंतींचा चौकोनी हौद होता, तळाला थोडं स्वच्छ पाणी. मागे काळा कातळ चढत गेलेला, आणि कातळाकडच्या भिंतीला खाली एक भोक. भोकाशेजारी एक चपटा दगड आणि चिंध्यांचा बोळा पडला होता.

"कातळावरचं सगळं गढूळ पाणी आत येईल. बिचाऱ्यांनी दगड काढून ठेवलाय आणि विसरलेत."

मला ते शंभर टक्के पटलं. लाकडांजवळ निळी ताडपत्री होती, ती आम्ही दोघांनी हौदावर ओढली, चार कोपरे खुंट्यांना बांधले. ह्यांनी बोळा भोकात कोंबला आणि वर दगड ठोकून बसवला. परक्या घरात न सांगता मदत केल्याचं समाधान वेगळंच असतं. आम्ही हात झटकले आणि पडवीत येऊन बसलो.

मग ते सुरू झालं. आधी टपोरे थेंब, मातीत खड्डे पाडणारे. मग ताडपत्रीवर तडतड झाली, हरभऱ्याएवढ्या गारा उड्या मारू लागल्या. एकदम इतकं गार झालं की ह्यांनी शालीवर शाल घेतली. गडगडाट कमी झाला, वारा पडला आणि गारांच्या जागी दुसरंच काहीतरी पडायला लागलं. पांढरं, गोल, मऊ. आवाज न करता येत होतं आणि पडल्यावर किंचित उसळून तिथेच राहत होतं. मी अंगणात गेले, हात पसरला. तळव्यावर दहाबारा दाणे आले. भिजवलेला साबुदाणाच. दाबला तर चुरा होत होता. हिम म्हणावं तर पाकळ्या नाहीत, गार म्हणावी तर टणकपणा नाही. माझ्या फळ्यावरच्या तीन ओळींच्या मधली, कधीच न लिहिलेली ओळ माझ्या हातावर वितळत होती. मी चार दाणे तोंडात टाकले. मला फार आनंद झाला. एवढा की मी मोठ्याने हसत होते आणि रडतही होते, आणि हे पडवीतून "अगं, सर्दी होईल" म्हणून ओरडत होते.

तेवढ्यात गल्लीतून उम्म सालेम धावत आली.

"ला! ला! ला!"

ला म्हणजे नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ती माझ्याकडे न बघता थेट कातळाकडे गेली. मी मागोमाग. कातळावरून चारी बाजूंचं पाणी वाहत येऊन हौदाच्या भिंतीमागे तुंबलं होतं, आणि भोक बंद असल्यामुळे कडेवरून ओसंडून दरीत चाललं होतं. डोंगरावर कित्येक महिन्यांनी पडलेलं पाणी! ज्याच्यासाठी तिने सकाळी स्वतः ते भोक मोकळं केलं होतं, तो पाहुणा दारात आला आणि आम्ही दार लावून घेतलं होतं.

ती वाकून दोन्ही हातांनी दगड ओढत होती. ह्यांच्या डोक्यात आता प्रकाश पडला. शाली फेकून ते धावले, गुडघे टेकले आणि दोघांनी मिळून दगड उपसला. बोळा आपोआप उडाला. थंडगार पाण्याचा लोट भोकातून आत घुसला आणि जाता जाता ह्यांना कमरेपर्यंत भिजवून गेला. मी तोंड लपवायला जागा शोधत होते.

मग तिचं लक्ष ताडपत्रीकडे गेलं. ती मधोमध झोळीसारखी खाली आली होती आणि झोळीत तो पांढरा साबुदाणा ढिगाने साठला होता. अंगणात पडलेला मातीत मिसळून वितळत होता, ताडपत्रीवरचा मात्र शुभ्र होता. ती खुंटीची गाठ सोडायला गेली आणि थांबली. तिने कोपरापर्यंत हात त्या ढिगात घातला. मूठ भरून घेतली, दाबून गोळा केला, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि तो गोळा ह्यांच्या माकडटोपीवर ठेवून दिला.

भिजून चिंब झालेले सालेम आणि नीलेश अंगणात शिरले तेव्हा उम्म सालेम आणि आमचे हे समोरासमोर उभे राहून हसत होते. मी सगळा गुन्हा कबूल केला. नीलेशने कपाळावर हात मारला. "बाबा! अरे, ते पाणी आत यायला म्हणून सालेमची आई सकाळी दोन तास कातळ घासत होती!"

उम्म सालेम काहीतरी लांबलचक बोलली. सालेमने हसत हसत हिंदीत सांगितलं, "अम्मा बोलती है, तुम्हारे मुल्क में अल्ला इतना पानी देता है कि तुम लोग दरवाज़ा बंद करके बैठता है?"

"सांग तिला," हे दात वाजवत म्हणाले, "चार महिने उघडतच नाही."

ते तिला कळल्यावर ती भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसली. मग एकेक कोपरा एकेकाने धरला, पाचवी मी मधे, आणि 'यल्ला', म्हणजे चला, म्हणून आम्ही तो सगळा ढीग हौदात ओतला. पाण्यावर तो थोडा वेळ तरंगला आणि नाहीसा झाला.

संध्याकाळी मी कुळथाची पिठी केली. थंडीत तिच्यासारखं औषध नाही. उम्म सालेमने एक घोट घेतला, विचार केला, त्यात लिंबू पिळलं आणि दोन वाट्या संपवल्या. तिच्या कागदासारख्या पातळ भाकरीवर डोंगरातला मध घालून आम्ही खाल्ला. समोरचा कडा पांढरा झाला होता. मी सालेमला म्हटलं, "हे चांगलं आहे. पाऊस वाहून जातो, हे हळूहळू वितळून आत मुरतं." त्याने मान हलवली. त्यालाही ते माहीत होतं, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं.

सकाळी आम्ही सगळे फलजावर गेलो. धार तेवढीच होती, करंगळीएवढी. उम्म सालेमने पाण्यात हात घातला, मग माझा हात धरून घातला. कालच्यापेक्षा पाणी फार गार होतं. एवढंच. "डोंगर पहिले खुद पीता है," सालेम म्हणाला, "बाद में देता है. कभी देता है, कभी नहीं."

निरोप घेताना तिने मला मूठभर सुकी डाळिंबाची सालं दिली, पोटदुखीवर. मी तिला उरलेलं कुळथाचं पीठ दिलं. तिने आकाशाकडे पाहिलं. ते निळं झालं होतं.

वादीच्या काठावर

उतरताना एक गंमत झाली. डोंगर संपला, लख्ख ऊन, आकाशात बोटभरही ढग नाही, आणि रस्त्याच्या मधोमध वादी वाहत होती. गढूळ, गुडघाभर. दोन्ही काठांवर गाड्या थांबलेल्या, चटया पसरलेल्या, पोरं नाचत होती.

हे खिडकीतून बघत म्हणाले, "हा काय पूर? आमच्याकडे पोरं ह्यातून शाळेत जातात. काढ गाडी."

"बाबा, खलास," नीलेश म्हणाला. "इथे डोक्यावरचं आकाश बघायचं नसतं. डोंगरावरचं बघायचं."

त्याचं वाक्य संपतंय तोवर वरून एक आख्खं खजुराचं खोड गिरक्या घेत आलं आणि आमच्यासमोरून गेलं. त्यामागे पाणी हातभर चढलं. कोकणातला पाऊस सांगून येतो आणि राहून जातो, इथला न सांगता दुसऱ्याच गावाहून येतो, एवढं आम्ही दोघं त्या दिवशी शिकलो. पाणी ओसरेपर्यंत शेजारच्या चटईवरच्या कुटुंबाने आम्हाला भात आणि चहा दिला. ह्यांनी पहिल्या कपानंतरच कप हलवला, अगदी सराईतासारखा.

पुन्हा सोहार

उरलेले दिवस खरेदीत गेले, पण माझं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. नीलेश कामावरून आला की पहिला प्रश्न, "सालेमच्या आईचं काय?" तो म्हणायचा, "रोज फोन करतो तो. अजून तेवढीच धार." सालेम भेटला की मी हवामानावर बोलायचं टाळायचे. भूगोलाची बाई असून!

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बॅगा भरून झाल्या आणि दाराची बेल वाजली. दारात सालेम आणि नीलेश. दोघांच्या मध्ये ती खाट. नवी लाकडी खाट, आणि तिच्यावर वेष्टनातली गादी. दोघंही धापा टाकत होते. मला काही कळेना.

"उस्ताजा, पहले ये सुनो," सालेम म्हणाला आणि त्याने फोन माझ्या कानाला लावला.

आधी नुसता आवाज आला. दगडावरून पाणी खळाळत जाण्याचा, आमच्या सुपारीच्या बागेत पाट सोडल्यावर येतो तोच. मग त्यावरून उम्म सालेमचा आवाज. मला त्यातलं फक्त 'उम्म नीलेश' कळलं. मी तो आवाज पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा.

"फलज भर गया?" मी विचारलं.

"आधा," सालेम म्हणाला. "अम्मा बोलती है, आधा बहुत है. वो नहीं आएगी अभी." तो हसत होता, पण बोलताना त्याने तोंड जरा खिडकीकडे वळवलं. "मैं हर जुम्मा ऊपर जाएगा. ये खाट उधर खाली पड़ा है. आप लोग अगला साल आएगा ना? अंकल का कमर के लिए."

ह्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मी मात्र सरळ त्याला जवळ घेतलं. आईच्या वयाच्या बाईने एवढं करायला हरकत नसावी.

खाट हॉलमध्ये लागली. हे आडवे झाले आणि वेष्टनाचं प्लास्टिक कुरकुरलं.

"बाबा, ते प्लास्टिक राहू दे हं," नीलेश म्हणाला. "तुम्ही उद्या जाणार. वर्षभर धूळ बसेल, झाकलेलंच बरं."

हे उठून बसले. जन्मभर ज्यांनी लाकडं झाकली, पडवी झाकली, हौद झाकला, ते खाटेवरून खाली उतरले आणि गादीच्या कोपऱ्याशी नखाने प्लास्टिक फाडू लागले.

"काढ रे ते," ते म्हणाले. "आम्ही येणार आहोत."